दोरा घ्या, पृथ्वीगोल घ्या!

मुलांनो, गेल्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या आजी सकाळपासून फोनजवळ ठाण मांडून बसल्या होत्या. नात न्यूयॉर्कला निघाली होती ना! तिकिटावर लिहिलेलं, मुंबईहून रात्री २ वाजता निघणार आणि त्याच दिवशी सकाळी ७.३० ला पोचणार. साडेसात वाजले, दहा वाजले, दुपार झाली. फोन नाहीच. आजी जेवल्यासुद्धा नाहीत. शेवटी सातवीतला नातू शाळेतून आला आणि म्हणाला, "अगं आजी, ते साडेसात तिकडचे! आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असणार."

आणि खरंच, साडेसहाच्या सुमाराला फोन खणाणला.

त्याचं गणित असं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. आपलं कोल्हापूर ७४ अंश पूर्व रेखांशावर आणि न्यूयॉर्क बरोबर ७४ अंश पश्चिमेला! (आहे की नाही गंमत?) मधले अंश १४८, म्हणजे जवळजवळ दहा तासांचं अंतर. प्रत्यक्ष घड्याळात हिवाळ्यात साडेदहा तास, तर उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात म्हणून साडेनऊ. आता तिकिटावरच्या साडेपाच तासांत साडेदहा मिळवा. प्रवास झाला १६ तासांचा.

आता विमानाची वाट. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीनं जोडलंत, तर रेघ अरबस्तान, सहारा वाळवंट आणि अटलांटिक महासागरावरून जाते. पण ही वाट लांबची! खोटं वाटतं? शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप वर सरकेल आणि रशिया, स्वीडन, नॉर्वे करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जाईल. आता विषुववृत्ताभोवती दुसरा दोरा गुंडाळा, तो ४०,००० किलोमीटरचा. पहिला दोरा त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जरा कमी भरेल, कारण हे अंतर आहे सुमारे १२,५०० किलोमीटर. अर्थात विमानं अगदी दोऱ्यावरूनच जातात असं नाही. वारा कसा आहे, कुठल्या देशाचं आकाश खुलं आहे, ते बघून वाट वाकडी करावी लागते.

हा वारा मोठा खट्याळ असतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे तो असा जोरात वाहतो की कधीकधी ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. अमेरिकेला जाताना तो समोरून आडवा येतो आणि येताना पाठीमागून ढकलतो. म्हणून परतीला तास-दीड तास कमी लागतो.

आता तुमची पाळी. नात जानेवारीत दुपारी १२ वाजता न्यूयॉर्कहून निघाली आणि विमानाला साडेचौदा तास लागले, तर मुंबईत कधी उतरेल? दिवससुद्धा सांगायचा हं. आजींना मात्र आधी कळू द्या, जेवण वेळेवर होईल!