कंबर दुखते? आधी रक्त तपासा

मैत्रिणींनो, कंबर दुखली की आपण वयाला बोल लावतो आणि शेजारणीला विचारून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतो. जरा थांबा! गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या ४ पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांतली एखादी वाढून उतावीळ झाली, की हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडते. हाडं ठिसूळ होतात, शिवाय मुतखडा, बद्धकोष्ठ, थकवा. पाळी गेलेल्या बायकांत हे जास्त. रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच एकदमच तपासून घ्या. दूध मात्र आपल्या मनाने तोडू नका हं! बिघडलेली ग्रंथी शस्त्रक्रियेने काढतात. उरलेल्या तिघी काम सांभाळतात आणि हाडं हळूहळू भरू लागतात. ऑपरेशननंतर ओठांना, बोटांना मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना लगेच कळवा; कॅल्शियम एकदम उतरलेलं असू शकतं.