आधी पाणी

वर्षभराच्या साहित्यव्यवहाराचा ताळेबंद संपादकीयात मांडायची दिवाळी अंकांची रीत आहे. यंदा ही जागा आम्ही भाजण्यावरच्या प्रथमोपचाराला देत आहोत. अंक तुमच्या हाती पडेल त्या आठवड्यात घरोघरी कढईत चकल्या पडत असतील, अंगणात भुईनळे लागत असतील आणि उंबऱ्यावरच्या पणत्यांजवळून नव्या परकराचे घेर जात-येत असतील.

भाजले की आधी पाणी. साधे, नळाचे, वाहते, आणि पूर्ण 20 मिनिटे. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. आग जरा शमली की हात धारेखालून काढला जातो. तेल किंवा जाळ दूर झाला तरी कातडीत उरलेली उष्णता आतल्या थरांना भाजतच असते. पाणी ती काढून घेते आणि जखम खोल जाऊ देत नाही. घटका गेली म्हणून सोडून देऊ नका, पहिल्या तीन तासांत कधीही पाणी धरले तरी फायदा होतो. नळ कोरडा असेल, तर बादलीतले पाणी तांब्याने सावकाश ओतत राहा. तान्हे मूल असेल, तर भाजलेल्या जागेवरच पाणी धरा आणि बाकीचे अंग पांघरुणात उबदार ठेवा.

बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतले काहीही नको. हे लेप उष्णता आत कोंडतात, आणि नंतर दवाखान्यात जखम तपासण्यासाठी ते खरवडून काढावे लागतात. ती वेदना भाजण्याहून कमी नसते. आजीचा हात मायेने हळदीच्या डब्याकडे जातो हे आम्ही जाणतो. म्हणूनच हे स्पष्ट लिहायला हवे.

सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या, घड्याळ उतरवा. चिकटलेले कापड ओढू नका, फोड फोडू नका. पाण्याखालून काढल्यावर जखम स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने सैलसर झाका. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिय भाजले असेल, जखम भाजलेल्या माणसाच्या तळहाताहून मोठी असेल किंवा विजेचा धक्का असेल, तर 108 ला फोन करा. विजेच्या बाबतीत आधी मेन स्विच बंद करा, मगच माणसाला हात लावा. कपड्यांनी पेट घेतला, तर पळू देऊ नका. जमिनीवर आडवे करून लोळवा, जाड सतरंजी किंवा घोंगडी टाकून जाळ दाबा, मग पाणी.

भुईनळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे. विझला असे समजून वाकून पाहणाऱ्याचा चेहराच त्याच्या तोंडावर असतो. न लागलेला फटाका पुन्हा पेटवू नका, लांबूनच त्यावर बादलीभर पाणी ओता. डोळ्याला मार बसलाच, तर चोळू नका, दाबू नका, कुठलेही थेंब घालू नका. डोळ्याला टेकणार नाही अशा बेताने कागदी पेला वरून धरा आणि थेट नेत्ररुग्णालय गाठा.

हा मजकूर अंकाच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत पुन्हा छापला आहे. ते पान कापून स्वयंपाकघरात ओट्याजवळ लावा आणि घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही वाचून दाखवा. उकळत्या तेलाशी त्यांचा संबंध वर्षभर असतो.