सायकल मुलीची, निगाही तिचीच

2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी, सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. अशा वाटेवर पायांइतकाच सायकलचाही कस लागतो. म्हणूनच शर्यतीच्या सायकलची निगा काळजीपूर्वक राखतात. भिजली की पुसतात, निघण्यापूर्वी हवा आणि ब्रेक पाहतात. लोक हसतात, पण उतारावर ब्रेक लागला नाही तर जिवाशी गाठ असते.

आपल्या बेलापुरात वाड्यावस्त्यांवरून सायकलने शाळेत येणाऱ्या मुलींची सायकल मात्र उन्हापावसात उभी असते. साखळी गंजते, पायडल जड होते, आणि एक दिवस सायकलबरोबर शाळाही बंद पडते. मुलगा कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून येतो. मुलगी घरी राहते.

आठवड्यातून दहा मिनिटे काढा. साखळी फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडा. जादा तेल पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटते. रिमला तेल लागू देऊ नका, ब्रेक घसरेल. ब्रेकचे रबर झिजले की बदला. नव्या साखळीच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. अर्धा सूत जास्त भरल्या तर साखळी बदला, नाहीतर ती फ्रीव्हीलचे दातेही खाते.

हे काम भावावर सोपवू नका. फडके आणि तेलाची बाटली मुलीच्याच हाती द्या. मग शाळेत जायला तिला कुणाची वाट पाहावी लागणार नाही.