नदीकाठ : वाळूतला वाघ

वाळूउपशाचा विषय निघाला की आपण आटलेल्या विहिरी, खचलेले काठ, पुलांचे उघडे पडलेले पाये यांबद्दल बोलतो. बोलायलाच हवं. आज मात्र त्याच वाळूत राहणाऱ्या एका शिकाऱ्याची बाजू मांडतो. टायगर बीटल, म्हणजे वाघभुंगेरा. लांबी जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. झपकन पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. थबकतो, कारण धावताना डोळे वेगाला पुरे पडत नाहीत आणि भक्ष्य दिसेनासं होतं. ऑस्ट्रेलियातल्या एका जातीचा वेग तर सेकंदाला अडीच मीटर भरला आहे!

अळी मात्र जागची हलत नाही. वाळूत उभं बीळ, त्याच्या तोंडाशी झाकणासारखं बसलेलं चपटं डोकं. मुंगी टप्प्यात आली की झडप. पाठीच्या कुबडावरचे आकडे ती भिंतीत रुतवते, त्यामुळे धडपडणारं भक्ष्य तिला बाहेर ओढू शकत नाही. भुंगेऱ्याच्या आयुष्याचा मोठा भाग या बिळातच जातो. काही जातींत वर्षाहून जास्त.

आपल्याकडे १० जून ते ३० सप्टेंबर उपशाला बंदी असते. अनेक जातींचे प्रौढ भुंगेरे पावसाळ्याच्या सुमारासच बाहेर पडतात, आणि त्यांना पंख असतात, म्हणजे बंदी नसती तरी ते उडून वाचले असते. पोकलेन पात्रात उतरतो तो कोरड्या महिन्यांत. तेव्हा बिळातली अळी वाळूबरोबर थेट डंपरमध्ये जाते. बिळं गेली की काय होतं ते इतरत्र दिसलं आहे: अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची वाघभुंगेऱ्याची एक उपजात पुळणीवरच्या गाड्यांखाली बिळं चिरडल्यानं बहुतेक ठिकाणांहून नाहीशी झाली. १९९० मध्ये तिला कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं.

सातारा-सांगलीतून वाहणाऱ्या येरळा नदीच्या काठाला वाळूसाठी उभं राहणं नवं नाही. १९८०च्या दशकात बलवडी-तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून ठेकेदारांच्या उपशाला विरोध केला आणि मर्यादित वाळू विकून बळीराजा धरणासाठी पैसा उभारला. वाळू किती काढायची, हे गावानं ठरवायचं, ही त्यांची भूमिका मला आजही पटते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानंतर लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागते. त्यासाठीच्या जिल्हा सर्वेक्षण अहवालात किती ब्रास वाळू निघेल याचा हिशोब असतो. सातारा आणि सांगलीच्या अहवालांत त्याबरोबर बिळांचीही नोंद व्हावी. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी हे काम आनंदानं करतील: पावसाळ्यात प्रौढ भुंगेरे पाहायचे, हिवाळ्यात बिळं मोजायची. जिथे बिळं दाट, तो पट्टा तहसीलदारांनी लिलावातून वगळावा.