कापसाचा हंगाम आणि पिकअपचा ब्रेक

दसरा झाला कीं आमच्या वर्धा जिल्ह्यांत कापसाची वेचणी सुरू होते, व हिंगणघाट, देवळी, आर्वी येथील बाजारांच्या वाटेवर जुन्या पिकअप गाड्यांची रीघ लागते. सायंकाळीं कापूस नेणाऱ्या याच गाडींतून सकाळीं वेचणीच्या बाया शेतावर गेलेल्या असतात. मालाच्या गाडींत माणसें बसविणें कायद्यास मंजूर नाहीं. पण तें चालतें, म्हणून त्या गाडीचा ब्रेक हा केवळ मालकाचा खासगी प्रश्न राहत नाहीं.

"ब्रेक कमी लागतो" एवढेंच सांगून मालक गाडी मिस्त्रीच्या स्वाधीन करितो; नवे लायनर पडतात, आणि पंधरा दिवसांनीं तीच तक्रार पुन्हां. आमच्या मतें पैसे देण्यापूर्वीं मालकानें पेडलवरून दोष ओळखावा. पेडल स्पंजासारखें दबत असल्यास नळ्यांत हवा शिरली आहे. पाय रोखून धरला असतां तें हळूहळू खालीं जात असल्यास गळती आहे. बाहेर ओल नसेल तर बहुधा मास्टर सिलिंडरचीं आंतील रबरें गेलीं. पहिल्या दाबांत खोल जाऊन दुसऱ्या दाबांत वर येत असल्यास मागील ड्रमांतील लायनर झिजले आहेत किंवा सैल बसले आहेत. पेडल दगडासारखें लागून गाडी थांबत नसेल तर बूस्टर पाहावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पांच वेळां दाबावें, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं सरकलें नाहीं तर बूस्टर, त्याची नळी अथवा व्हॅक्यूम पंप यांपैकीं कांहीं तरी निकामी आहे.

परंतु सर्वांत दुर्लक्षित कारण निराळेंच आहे. पुष्कळ पिकअपांत मागील आंसाजवळ एक झडप असते. ओझ्यानें गाडी मागें जितकी दबेल तितका ब्रेकचा दाब ती मागील चाकांस अधिक देते. ज्यास्त कापूस मावावा म्हणून मालक पाटे वाढवितात. मग गाडी दबत नाहीं, झडप तिला रिकामी समजते, आणि भरल्या गाडीस मागें रिकाम्या गाडीइतकाच ब्रेक मिळतो! झडपेची दांडी गंजून अडकली तरी तोच परिणाम. तेथें कितीही लायनर बदलले तरी व्यर्थ. पाटे मूळचेच ठेवावे व दांडी माहितगाराकडून जुळवून घ्यावी.

ब्रेक ऑईल हवेंतील ओल शोषितें व मग उतारावर तापून लवकर उकळतें. तें दोन वर्षांनीं बदलावें. त्यांत इंजिन ऑईल ओतणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. त्यानें सर्व रबरें फुगून ब्रेकच नाहींसा होतो.

गांवोगांवच्या सोसायट्यांनीं दसऱ्यापूर्वीं एक दिवस मिस्त्री बोलावून सभासदांच्या गाड्या एकत्र तपासून घ्याव्या, अशी आमची सूचना आहे. ज्या गाडीचें पेडल वरील परीक्षेस उतरणार नाहीं तिनें कापसाचें एक गाठोडेंही नेऊं नये. कारंजा-आर्वीकडील चढउतारांवर तर मुळींच नाहीं.