विश्लेषण : घरात सोनार नसताना दागिने घडवायला शिकता येते का?

सोन्याने २०२५ मध्ये १० ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चांदी किलोला दोन लाखांवर गेली. त्यामुळे दागिने घडवणे हा आता छंद म्हणून परवडणारा प्रकार नाही, असा समज होतो. परभणीसारख्या जिल्ह्यात शिक्षण सांभाळून हे काम शिकू पाहणाऱ्या मुलामुलींची खरी अडचण मात्र वेगळी आहे. धातू मिळतो, अवजारेही मिळतात. शिकायला बसू देणारी जागा मिळत नाही.

जागा का मिळत नाही?

सोनारकाम पिढ्यान् पिढ्या घरातच शिकवले गेले. त्यामागे जातीची चौकट होती, तसेच व्यवहारही होता. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा मोलाचा. तो धुऊन सोन्याचे कण वेगळे काढणाऱ्या झारेकऱ्यांचा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. अशा ठिकाणी परक्या मुलाला कानस हाती देऊन बसवणे कोणालाही जोखमीचे वाटते. दुसरे कारण म्हणजे कामच हलले आहे. साच्यातील ओतकाम आणि यंत्रावरचे दागिने मोठ्या शहरांतून तयार होऊन येतात. राज्यातील अनेक सराफ बाजारांत हातकाम बंगाली कारागिरांकडे गेले आहे. लहान गावांतील कित्येक दुकानांत आता विक्री आणि डागडुजीच उरली आहे. म्हणजे सोनाराच्या घरातील मुलालाही पूर्वीसारखे शिक्षण मिळेलच असे नाही.

कायदा काय सांगतो?

बालकामगार प्रतिबंधक कायद्यात २०१६ मध्ये सुधारणा झाली. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्यानुसार मनाई आहे. मात्र कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची मुभा आहे. मुलांच्या हिताचा हा नियम योग्यच आहे. पण दुकानात उमेदवारी करून शिकण्याचा जुना रस्ता बंद झाल्यावर शाळेने त्याला पर्याय द्यायला हवा होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत काम शिकण्याची तरतूद आहे. सुतार, माळी, कुंभार यांचा त्यात उल्लेख आहे. त्यात धातुकाम करणारेही सहज बसू शकतात.

पीएम विश्वकर्मा योजनेचा उपयोग होईल का?

छंद म्हणून शिकणाऱ्याला नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील १८ व्यवसायांत सोनार आणि लोहार दोन्ही आहेत. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. पण अर्जदार १८ वर्षांवरील आणि त्या व्यवसायात आधीपासून हाताने काम करणारा असावा लागतो. योजना असलेल्या कारागिराला बळ देते. नवा कारागीर तयार करणे हे तिचे काम नाही. ज्याला आधी शिकायचे आहे, तो तिच्या कक्षेबाहेरच राहतो.

सुरुवात कशापासून करावी?

तांब्यापासून. तांब्याची पट्टी आणि तार स्वस्त असते, चूक झाली तरी मोठे नुकसान होत नाही आणि त्यावर बसलेला हात पुढे चांदीवरही चालतो. पहिले धडे चारच असतात : बारीक पात्याच्या करवतीने आखलेल्या रेषेवर कापणे, कानशीने कडा सारख्या करणे, ठोकून कडक झालेला धातू तापवून पुन्हा मऊ करणे आणि डाग देऊन सांधा जोडणे. शेवटचा धडा सर्वांत जास्त छळतो. सांध्यात फट असेल किंवा धातू मळका असेल, तर डाग धरत नाही. टाकणखार लावून केवळ सांध्यावर नव्हे, तर संपूर्ण वस्तूवर सारखी आच फिरवावी लागते. वितळलेला डाग जास्त तापलेल्या बाजूकडे धावतो, हे एकदा कळले की निम्मे काम सोपे होते. चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना. त्यामुळे नवशिक्याच्या हातून तांबे वितळून वाया जाण्याची भीती कमी असते.

धोके कोणते?

सर्वांत मोठा धोका धुराचा. ‘केडीएम’ दागिने अनेकांना आठवत असतील. त्यांच्या डागात कॅडमियम असे. त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असल्यामुळे ती पद्धत मागे पडली. चांदीचा डाग विकत घेतानाही तो कॅडमियमविरहित आहे का, हे विचारून घ्यावे. जस्ताचा मुलामा दिलेली तार कधीही तापवू नये. तिच्या धुराने ताप येतो. खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांवर चष्मा असावा, केस बांधलेले आणि कपडे सुती असावेत. डाग दिलेली वस्तू स्वच्छ करण्यासाठी गंधकाम्लाऐवजी सायट्रिक अॅसिडचे कोमट पाणी पुरते. बंद खोलीत एकट्याने गॅसची ज्योत पेटवून व्हिडीओ पाहत शिकणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे.

परभणीतून शिकायला जायचे कुठे?

जवळचा पर्याय आयटीआय. फिटर, शीट मेटल यांसारख्या अभ्यासक्रमांत आखणी, कापणी आणि कानसकाम शिकवले जाते. दागिन्यांचा पाया तोच आहे. हाताने नक्षी घडवणारे जिवंत काम पाहायचे, तर परभणी–परळी–विकाराबाद रेल्वेमार्गावरचे बिदर आहे. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर कोरून त्यात चांदी ठोकून बसवायची आणि किल्ल्यातील माती व नवसागराच्या लेपाने बाकीचा भाग काळा करायचा, ही बिदरी कला. तिला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पैंजणांसाठी कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी प्रसिद्ध आहे. पूर्णवेळ शिक्षणासाठी मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालय आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी आहेत. पण शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला केवळ छंदासाठी मुंबई गाठणे शक्य नसते.

घडवलेले विकता येते का?

तांब्या-पितळेच्या दागिन्यांना हॉलमार्क लागत नाही. चांदीसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून सहा अंकी-अक्षरी ओळख क्रमांकाचे हॉलमार्किंग सुरू झाले, पण ते ऐच्छिक ठेवले गेले. सोन्याची विक्री मात्र २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या हॉलमार्किंगखाली आली आहे. वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असलेल्यांना त्यातून सूट आहे. कायदेशीर सक्ती असो वा नसो, धातू कोणता आणि किती शुद्ध हे गिऱ्हाइकाला लेखी सांगणे हाच पहिला नियम.

तोडगा काय?

त्यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही. आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळा सुटीच्या दिवशी बंदच असतात. आठवड्यातून एक दुपार त्या खुल्या केल्या, गावातल्या एखाद्या वयस्कर सोनाराला किंवा तांबटाला मानधन देऊन बोलावले आणि फक्त तांबे वापरले, तर सोन्याची जोखीम उरत नाही आणि विश्वासाचा प्रश्नही सुटतो. जुने हात अजून कामात आहेत, तोवरच हे करता येईल.