खोली हवी, उपदेश नको

गेल्या जुलैत नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरा मुलींबरोबर त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटायला गेले होते. मागणी साधी होती. मुस्लिम विद्यार्थिनींचं मंडळ सुरू करायचं होतं, त्यासाठी शनिवारी दुपारी दोन तास एक वर्ग हवा होता. प्राचार्य सभ्यपणे बोलले, चहा दिला. म्हणाले, "नावातला मुस्लिम शब्द काढा, मग बघू. कॉलेजात जातधर्म नको." त्यांच्या मागच्या भिंतीवर कॉलेजच्या गणेशोत्सवाचा फोटो होता.

हे मी त्या प्राचार्यांविषयी तक्रार म्हणून लिहीत नाही. कारण त्याच आठवड्यात आमच्या संघटनेच्या बैठकीतही हाच प्रश्न निघाला. आपली संघटना धर्मनिरपेक्ष. मग धर्माच्या नावाने एकत्र आलेल्या विद्यार्थिनींना पाठिंबा कसा द्यायचा? यातून जमातवाद वाढणार नाही का? प्रश्न प्रामाणिक आहे. माझ्याही मनात तो होता.

पण आधी आपण स्वतःकडे पाहू. या मुलींची आठवण आपल्याला कधी होते? दोन वर्षांपूर्वी ८ मार्चच्या कार्यक्रमात मी त्यांच्यातल्या दोघींना तलाकवर बोलायला बोलावलं. कार्यक्रम चांगला झाला, टाळ्या पडल्या. परत जाताना एसटी स्टँडवर त्यातली एक म्हणाली, "ताई, माझं तर लग्नच झालेलं नाही. माझा प्रश्न फीचा आहे. त्यावर कधी बोलायला बोलवाल?" मी एम.एस.डब्ल्यू. केलंय, 'लोकांच्या गरजेपासून सुरुवात करा' हे परीक्षेत लिहिलंय. तरी मी तिला तिचा प्रश्न विचारलाच नव्हता.

तलाकचा प्रश्न छोटा आहे असं मी म्हणत नाही. १८ एप्रिल १९६६ला सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. १९८५चा शाहबानो निकाल, १९८६चा कायदा, तोंडी तलाक रद्द ठरवणारा २०१७चा निकाल, २०१९चा कायदा या प्रत्येक टप्प्यावर स्त्रियांनी किंमत मोजली आहे. पण मुस्लिम बाई म्हणजे फक्त तलाक, एवढीच आपली ओळख राहिली तर तिचं शिक्षण, तिचा रोजगार, तिची भीती हे सगळं आपल्या कार्यक्रमपत्रिकेबाहेरच राहतं.

फीचा प्रश्न कसा आहे तो पाहा. सच्चर समितीने २००६मध्ये दाखवून दिलं की वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी किंवा पदविकेपर्यंत पोचलेले चार टक्केही नाहीत. २०१४मध्ये राज्यात मुस्लिमांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातलं आरक्षण थांबवलं नव्हतं, तरी पुढच्या सरकारने तो अध्यादेश संपू दिला. २०२२मध्ये केंद्राने मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केली. दुसरीकडे २०२४पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी या जमाती ओबीसीत येतात. पण दाखल्यावर नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद शोधत तहसील कार्यालयात कोण खेपा घालणार? वडील हातगाडीवर, आई शिवणकामाला. मंडळाचं पहिलं काम या मुलींनी हेच ठरवलं: एकमेकींचे कागद पुरे करायचे.

दुसरा प्रश्न भीतीचा. मे २०२३मध्ये शेवगावात मिरवणुकीवरून दंगल झाली. दंगलीनंतर पहिली बंधनं येतात ती मुलींवर. बाप म्हणतो, वातावरण निवळेपर्यंत घरी बस. काही जणींचं 'निवळेपर्यंत' लग्नापर्यंत लांबतं. २०२४मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजातल्या हिजाबबंदीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हिजाब आणि टोपीवरच्या बंदीला तिथे स्थगिती मिळाली, वर्गात बुरखा मात्र नाही असं ठरलं. आमच्या अकरा जणींत डोकं झाकणाऱ्या आहेत, न झाकणाऱ्याही आहेत. यावर त्या आपापसात कडकडून भांडतात. हे भांडण त्यांनी निर्धास्तपणे करावं म्हणूनच त्यांना स्वतःची जागा हवी. बाहेरून हल्ला होत असताना घरातल्या पुरुषसत्तेविरुद्ध तोंड उघडणं किती कठीण असतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता जमातवादाचा आक्षेप. धोका खरा आहे. मंडळाची बातमी पसरताच एका मुलीचे काका आले. अध्यक्ष वडीलधाऱ्याला करा, मग मोहल्ल्यातून मदत मिळवून देतो म्हणाले. मुलींनी नम्रपणे नकार दिला. पाठिंब्यासाठी आमची अट एकच आहे, ती आमच्यासह सगळ्यांना लागू: निर्णय मुली घेतील. मौलवी नाही, पुढारी नाही, आणि आम्ही ताईसुद्धा नाही. बांधलेपण नावात नसतं, सूत्रं कुणाच्या हाती आहेत यात असतं. दलित मैत्रिणींनी वेगळं संघटन केलं तेव्हाही आपण फुटीची भाषा केली होती. नंतर शिकलो.

आपला जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे. मिस फरार यांची मुलींची शाळा नगरलाच होती. ती पाहून जोतिरावांना प्रेरणा मिळाली. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६च्या पत्रात फातिमाची काळजी केली आहे, तिच्यावर कामाचा भार पडला असेल म्हणून. आपली कॉलेजं आज सावित्रीबाईंच्याच नावाच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यांच्या लेकींना शनिवारचे दोन तास जड व्हावेत?

म्हणून जिल्ह्यातल्या सर्व गटांना विनंती. आपल्या गावच्या कॉलेजात अशा मुली असतील तर त्यांच्याबरोबर प्राचार्यांकडे जा. दाखल्यांसाठी तहसीलला सोबत करा. विद्यापीठाच्या निर्भय कन्या अभियानात त्यांचे विषय घ्यायला लावा. आणि भाषण मात्र करू नका.

आमच्या मुलींना वर्ग अजून मिळालेला नाही. एका अंगणवाडी ताईंनी शनिवारी किल्ली दिली आहे. छोट्या खुर्च्यांवर बसून बैठका होतात. नावावर मतदान झालं. 'मुस्लिम' शब्द राहिला, सात विरुद्ध चार. त्या चौघीही पुढच्या शनिवारी आल्या.